बुधी ठाकरणीचा डोंगर

फार फार वर्षांपूर्वीची, आपल्या पणज्यांनीही नुसती ऐकलेली ही गोष्ट. सह्याद्रीच्या पायथ्याला कुंभवली गाव होतं आणि गावामागच्या डोंगरावर दाट, काळोखं रान होतं. त्या रानातली औषधं बुधी ठाकरणीला ठाऊक होती. बाळंतिणीला ताप चढला की ती वर जायची आणि गर्द सावलीत वाढणारी सावळीची वेल घेऊन यायची. तिच्या हातून कुणी दगावलं नाही, असं म्हणतात.

एका वैशाखात वणवा पेटला आणि सारा डोंगर जळाला. पुढच्या पावसाळ्यात बुधीची सूनच बाळंत झाली, आणि तिला ताप भरला. बुधी डोंगरभर फिरली. जिकडेतिकडे नुसतं कोवळं गवत होतं, सावळी कुठेच नव्हती. सून गेली. तान्ही नात रुखमी तेवढी मागे राहिली.

गावाला मात्र गवताचा आनंद झाला. गाणू पाटील म्हणाला, "आता दरसाल डोंगर जाळायचा. गुरांना चारा होईल."

रुखमीला छातीशी धरून बुधी चावडीवर गेली. "पाटीलबाबा, डोंगर जाळू नका. आज गवत हाय. मग काटे येतील, काट्यांच्या आडोशाला झाडं वाढतील, सावली पडंल. सावळी लई मागनं येती."

"किती मागनं?"

"मी नसंन तवा."

"मग तुला गं काय त्याचं?"

"हिच्या लेकीला तरी मिळंल."

पाटलानं ऐकलं नाही. वैशाखात माणसं पलिते घेऊन निघाली, तर बुधी नातीला घेऊन वाळल्या गवतात उभी. "लावा," ती म्हणाली. तोच गवतातून चंडोल उठले. इतके उठले की सूर्य झाकला, आणि त्यांच्या पंखांच्या वाऱ्यानं सगळे पलिते विझले, असं म्हणतात. पाटलानं पागोटं काढून तिच्या पायाशी ठेवलं.

तेव्हापासून बुधी डोंगरावरच राहिली. करवंदीच्या जाळ्या माजल्या, बुलबुल आले, त्यांनी जांभळाच्या बिया आणल्या. गवत उरलं नाही, तसे चंडोल निघून गेले. त्या दिवशी बुधी जेवली नाही. रुखमीनं विचारलं, तेव्हा म्हणाली, "ज्यांनी आपल्याला राखलं, त्यांचंच घर गेलं गं. रान वाढतं ते असं."

पुढे झाडं आभाळाला भिडली, धनेश पक्षी घुमू लागले. एका सकाळी म्हातारी बुधी सावलीत शिरली, ती पुन्हा दिसली नाही. माणसांनी रान पालथं घातलं. हाडही सापडलं नाही.

काही वर्षांनी रुखमीची लेक बाळंत झाली आणि तापानं फणफणली. रुखमी धावत डोंगर चढली. आजीच्या नेहमीच्या बसायच्या दगडावर सावळीची वेल पसरली होती, आणि तिची पानं माणसाच्या हातासारखी कोमट होती, असं म्हणतात. लेक वाचली.

कुंभवलीत आजही मुलगी जन्मली की घरचे आपल्या जमिनीचा एक तुकडा तिच्या नावानं सोडतात. त्याला बुधीचा तुकडा म्हणतात. तिथं कुणी पेरत नाही, उपटत नाही, जाळत नाही. कुणाच्या तुकड्यात अजून गवत असतं, कुणाच्या तुकड्यात काटे, तर कुणाच्या तुकड्यात वाकून शिरावं लागतं. बांधावर भेटल्या की बायका एकमेकींना विचारतात, "तुझ्या लेकीच्या तुकड्यात औंदा नवं कोण आलं गं?"