न लावलेली चिठ्ठी

समुद्रकाठच्या एका राज्यात एक पॅकेजवाला राहत होता. राज्य गोष्टीतलं असलं तरी तिथे गावोगावी संगणक होते, आणि ते चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम कुणा एकाच्या मालकीची नव्हती. ज्याला जे जमेल ते त्याने लिहावं आणि सगळ्यांना द्यावं, अशी तिथली रीत. कुणी पत्रं लिहायचं सॉफ्टवेअर दिलं, कुणी पंचांगाचं.

आलेलं सॉफ्टवेअर तपासायचं, त्या सिस्टीमवर नीट बसेल असं त्याचं पॅकेज बांधायचं आणि गावोगावी पाठवायचं, हे पॅकेजवाल्याचं काम. प्रत्येक सॉफ्टवेअरसोबत लिहिणाऱ्याच्या अटींचा कागद येई. त्याला लायसन्स म्हणत. पॅकेजवाल्याला तो कागद वाचायचा भारी कंटाळा. आपणही खालचं 'मान्य आहे' दाबून मोकळे होतो, तेव्हा त्याला फार हसायला नको. पण आपण वाचत नाही तो आपला आळस. त्याचं तर ते कामच होतं.

बाकी गडी हुशार. त्याची पॅकेजं आटोपशीर, हलकी, एका दमात बसणारी. "बांधावं तर यानेच," असं लोक म्हणत, आणि ते ऐकायची त्याला चटक लागली होती.

एकदा जाळी विणणाऱ्या एका म्हातारीने भरती-ओहोटीचं सॉफ्टवेअर पाठवलं. समुद्राला भरती कधी, हे सांगणारे पुष्कळ होते. पण खाडीत पाणी उशिरा चढतं. कुठे पाव तास, कुठे तास-दीड तास. म्हातारीच्या बापाने उभा जन्म होडीतून फिरून सदतीस खाड्यांचा हा उशीर एका वहीत टिपून ठेवला होता. बाप गेल्यावर म्हातारी उतारवयात संगणक शिकली आणि ती सगळी वही तिने त्या सॉफ्टवेअरमध्ये घातली.

तिचं लायसन्स जेमतेम चार ओळींचं, म्हणून या वेळी पॅकेजवाल्याने ते वाचलं. 'घ्या, वाटा, हवं तसं बदला. मात्र बदललंत तर काय बदललं आणि कुणी, ते चिठ्ठीवर लिहून सोबत लावा.'

मग त्याने सदतीस खाड्यांची ती लांबलचक यादी पाहिली आणि नाक मुरडलं. एवढं ओझं कशाला? त्याने यादी काढून टाकली आणि सगळ्या खाड्यांना मिळून एकच सरासरी उशीर लावून दिला. पॅकेज निम्म्याने हलकं झालं.

राहिली चिठ्ठी. तो लिहायला बसलासुद्धा. पण चिठ्ठी लावली की लोक विचारणार, का काढलंस, कुणाला विचारून काढलंस? आपल्या सुबक पॅकेजवर ते ठिगळ दिसणार. 'एवढ्याशा बदलाला कसली चिठ्ठी,' असं म्हणून त्याने पॅकेज तसंच पाठवून दिलं.

महिनाभराने आतल्या खाडीच्या सहा होड्या संगणकावरची वेळ बघून घरी परतत होत्या. त्या खाडीच्या मुखाशी आल्या तर पाणी चढलेलंच नाही; तिथला उशीर सरासरीहून कितीतरी मोठा होता. खाली वाळू लागली, मागून लाटा बसू लागल्या. दोन होड्या आडव्या होऊन उलटल्या. होडी हाकणाऱ्या एका तांडेलाचा पाय होडीखाली चिरडला. माणसं जगली, एवढंच नशीब.

सॉफ्टवेअरवर नाव म्हातारीचं होतं. लोक तिच्याच दारात गेले.

"तुझ्या भरवशावर होड्या हाकल्या आम्ही!"

म्हातारी पांढरीफटक पडली. "चुकलं असेल माझं," ती म्हणाली. "वय झालं माझं."

चावडीवर सभा भरली. गावच्या मुखियाने पॅकेजवाल्याला विचारलं, "पॅकेज तू बांधलंस. तू काही बदललं होतंस का?"

सांगायची वेळ हीच होती. पण समोर गाव बसलं होतं, आणि तो पाय बांधलेला तांडेलही.

"मी?" पॅकेजवाला म्हणाला. "मी काय, नुसता बांधणारा."

सगळ्यांचा विश्वास बसला. त्याने बदललं असतं तर चिठ्ठी नसती का लावली? तेवढा सज्जन तो होताच, असं सगळ्यांना वाटत होतं. म्हातारी खाली मान घालून म्हणाली, "माझं सॉफ्टवेअर काढून टाका." मुखियाने ते काढायला लावलं. तिच्याकडून कुणी जाळीही विणून घेईना.

त्या दिवसापासून पॅकेजवाल्याला घास गोड लागेना. कुणी कामाचं कौतुक केलं की त्याचे कान तापत. तो चावडीवर जायचा टाळू लागला आणि खाडीच्या वाटेने फिरू लागला. तिथे त्याला रोज म्हातारी दिसे. गुडघाभर चिखलात बांबू रोवून ती पाणी मोजत असे, हातात बापाची वही. तो लांबूनच माघारी वळे.

तीन आठवडे असे गेले. एक दिवस तिनेच त्याला हाक मारली.

"बाबा, तू शिकलेला. जरा बघतोस का? बापसाच्या वहीतला आकडा बरोबर येतोय. मी लिहिलेलाही बरोबर येतोय. रोज मोजते. मग चूक कुठे राहिली रे? माझ्या डोळ्यांना दिसत नाही का?"

पॅकेजवाल्याला वाटलं, हा चिखल आपल्याला आत ओढून घेईल तर बरं. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"आजी," तो कसाबसा म्हणाला, "चूक तुमची नाही. यादी मी काढली. आणि चिठ्ठी लावली नाही."

म्हातारीने वही मिटून पदराखाली घेतली. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"यादी काढलीस, ते तरी मला सांगायचं होतंस," ती म्हणाली. "बदला, असं मीच लिहिलं होतं. पण चिठ्ठी असती तर चूक कुठे ते मला एका दिवसात कळलं असतं. मी रोज इथे उभी राहून बापसाला विचारत होते, तू जन्मभर खोटं लिहिलंस का म्हणून."

पॅकेजवाला तसाच चिखलाच्या पायांनी चावडीवर गेला. त्याने सगळ्यांसमोर, तांडेलासमोर, सगळं सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी तोंड फिरवलं. तांडेलाने आपला पाय दोन्ही हातांनी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला.

म्हातारीला विचारून पॅकेजवाल्याने सदतीस खाड्या परत घातल्या. पॅकेज पुन्हा जड झालं. त्यावर त्याने चिठ्ठी लावली: 'आधी यातली यादी मी काढली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे होड्या उलटल्या. लिहिणारीची काही चूक नव्हती.' खाली स्वतःचं नाव. पॅकेज बसवताना ती चिठ्ठी सगळ्यांत आधी दिसे.

काही वर्षांनी मुखिया म्हणाला, "आता सगळं जागच्या जागी आहे. काढून टाक ती चिठ्ठी."

"राहू दे," पॅकेजवाला म्हणाला. "एकदा लावली नव्हती."

तात्पर्य एवढंच, की फुकट देणाऱ्याची अट कितीही लहान वाटली तरी पाळावी. आपलं सगळं देऊन टाकल्यावर त्याच्याजवळ नावाशिवाय काही उरलेलं नसतं.