उत्तम रिपोर्ट, रिकामे वर्ष

एकदा एका वृद्ध शल्यविशारदांकडे पितळी भांड्यांचे एक व्यापारी तपासणीसाठी आले. हृदयाची झडप बदलून त्यांना वर्ष झाले होते. वृद्धांच्या शिष्याने इको पाहिला, रक्ताचा अहवाल पाहिला आणि कागदावर ऐटीत लिहिले, 'परिणाम उत्तम.'

वृद्धांनी तो शेरा खोडला.

"म्हणजे पुन्हा कापणार की काय?" शेठ घाबरले.

"दिवसभर करता काय, शेठ?"

"बसतो. दुकान भाऊ बघतो. जिना चढत नाही, नातीला उचलत नाही. घरी जाताना या डॉक्टरांनीच सांगितलं ना, जपा म्हणून!"

"पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही मी," सोबत आलेल्या शेठाणी अभिमानाने म्हणाल्या. शिष्याचे कान तापले.

वृद्ध उठले. शेठांचे मनगट धरून जिन्याकडे निघाले. "आमच्याकडे एक पितळी पातेलं आहे. मोडीत काढावं म्हणतो. स्टीलच बरं, नाही का?"

शेठ भडकले. पितळेची थोरवी सांगता सांगता ते पायऱ्या चढत गेले. वरच्या मजल्यावर पोचले तरी कल्हईवरच बोलत होते. मग त्यांनी सहज खाली पाहिले आणि डोळ्यांत पाणीच आले. "मी चढलो?"

"चढलात. नाडी माझ्यापेक्षा बरी आहे. उद्यापासून दुकान!"

शेठ गेल्यावर वृद्ध शिष्याला म्हणाले, "झडप बरी चालते की नाही, हे यंत्र सांगतं. ती बदलली कशासाठी, ते मात्र माणसालाच विचारावं लागतं. तू 'जपा' म्हणालास ते चूक नव्हतं रे, अर्धं होतं. पुन्हा काय सुरू करायचं, ते सांगायचं राहिलं. इतक्या खटाटोपाने मिळालेलं वर्ष बिचाऱ्याने खुर्चीत घालवलं, याचं वाईट वाटतं."

दुपारी वॉर्डातल्या अनसूयाबाई घरी निघाल्या होत्या. त्यांचीही झडप नुकतीच बदललेली. शिष्य त्यांच्या पलंगाच्या कडेला बसला.

"गोळ्या आणि रक्ताची तपासणी चुकवायची नाही, मावशी. आणि आता सांगा, घरी जाऊन काय करायचंय?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिले. "शेजारणीशी भांडायचंय. दोन वर्षं दमच पुरत नव्हता, म्हणून तिचंच खरं होत आलंय."

शिष्याने गोळ्यांच्या यादीखाली नीट अक्षरात लिहिले : 'भांडण लगेच चालेल. मोठ्या आवाजात, तीन महिन्यांनी.'