जाखमातेचा नवा मुखवटा

कोकणातल्या देवकोंड गावी श्रीसदाराम महाराज शिमग्याच्या तोंडावर आले. ते गावात शिरलेच नाहीत, जाखमातेच्या देवळाच्या पडवीत घोंगडी टाकून बसले. गावाची कळा त्या वर्षी फार वाईट होती. दिवाळीच्या सुमारास तापाची साथ येऊन गेली होती आणि बहुतेक घरांतून कोणी ना कोणी गेले होते. त्यातच देवीच्या लाकडी मुखवट्याला वाळवी लागलेली निघाली. मुखवटा नाही तर पालखी नाही, आणि शिमग्याला पालखी दारात आली नाही तर देवीनेही आपल्याला टाकले असे गाव समजणार. महाराज अशाच गावात थांबले, यात नवल ते काय! आपल्यासारखे लोक दुःखाच्या घरासमोरून पाय उचलून चालतात. संत तिथेच बूड टेकतात.

मुखवटा घडवण्याचा मान धाकू सुताराच्या घराण्याचा. साथीत धाकूची बायको गेली आणि पाठोपाठ लेक गेली. तेव्हापासून तो जो चेहरा कोरी तो खिन्न निघे. देवीचा मुखवटा त्याने फणसाच्या लाकडात कोरला, तोही तसाच उतरला. तो पाहायला मानकऱ्यांबरोबर विसाजी मेस्त्री आले. घाटावरच्या देवळांची कामे करून नाव कमावलेले हे गावचेच कारागीर. हात खरोखर चांगला होता, पण जीभ पटाशीहून धारदार. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "धाकू, ही देवी की सुतकात बसलेली बाई? ही पालखीत बसली तर उरलेलं गावही उठायचं."

धाकूने तो मुखवटा त्याच संध्याकाळी चुलीत घातला. मग बिचारा आसपासची देवळे पालथी घालत हिंडला. एका देवीचे डोळे मनात भरले, दुसरीचे नाक आवडले, हसू तर विसाजींच्याच एका कामावरून उचलले. सगळे जमवून त्याने नवा मुखवटा केला. लोकांनाही तो बरा वाटला.

पण त्या गावी नुसत्या लोकांच्या पसंतीने भागत नाही. देवीचा कौल लागतो. गुरव मुखवट्याच्या दोन्ही गालांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणे घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. गुरवाने घसा कोरडा पडेपर्यंत गाऱ्हाणे घातले, पाकळ्या तिथेच सुकल्या. नकार मिळता तर एक वेळ सोसवला असता. देवीने धाकूशी बोलणेच टाकले होते.

मानकऱ्यांनी सांगितले की पालखीच्या दिवशीही कौल मिळाला नाही तर यापुढे मान विसाजींचा. धाकूपाशी आता तेवढे एकच उरले होते. तेही गेले तर हत्यारे विहिरीत टाकून गाव सोडायचे, असे ठरवून तो मुखवटा घेऊन महाराजांपाशी आला.

महाराजांनी मुखवटा हातात घेऊन उन्हाकडे फिरवला. हे डोळे कुठले, नाक कुठले, हसू कुणाचे, असे ते एकेक विचारत गेले आणि धाकू खाली मानेने सांगत गेला.

"आणि तुझं यात काय आहे?" महाराज म्हणाले.

धाकू म्हणाला, "माजं काय घालू म्हाराज? माज्याकडं रडण्याबिगर काय ऱ्हायलंय? ता देवीच्या तोंडावर कसा घालू?"

"तिच्या दारात येतात ते सगळे हसतच येतात का रे?"

महाराजांनी त्याला तिथेच पडवीत लाकूड आणून बसायला सांगितले आणि एकच अट घातली. कोरताना दुसऱ्या कुणाचे काम डोळ्यांपुढे आले की पटाशी खाली ठेवायची.

ऐकायला सोपे वाटते. पण पटाशी हातात घेतली की धाकूला कधी विसाजींच्या देवीचे हसू दिसे, कधी कुठल्या देवळातली भिवई. दिवसामागून दिवस पटाशी जमिनीवरच पडून राहिली. येणारेजाणारे हसत. विसाजी तर मुद्दाम वाट वाकडी करून येत आणि लाकडाला पालवी फुटली का, असे विचारून जात. धाकू महाराजांवरही चिडला. महाराज त्याच्याजवळ बसून राहिले.

मग एके दुपारी त्याचा हात चालू लागला. डोळ्यांतून पाणी गळत होते आणि तो कोरत होता. आजाऱ्याच्या उशाशी जागून जागून जड झालेल्या पापण्या लाकडातून वर आल्या. ओठांपाशी येताच त्याला धास्ती वाटली आणि त्यांचे कोपरे जरासे वर उचलायला त्याने पटाशी टेकवली. महाराजांनी नुसते त्याचे मनगट धरले. ओठ तसेच राहिले.

पालखीच्या दिवशी गुरवाने त्या मुखवट्याला पाकळ्या लावल्या. सारे गाव भोवती उभे होते. पाकळ्या हलेनात. धाकूने डोळे मिटून घेतले.

"झालं समाधान?" विसाजी पुढे होऊन म्हणाले. "उचला हे सुतक इथून." कुणी उचलीना, तेव्हा त्यांनीच मुखवट्याच्या गालांना हात घातला. आणि ते तसेच थबकले.

फणसाचे लाकूड तापाने फणफणले होते!

त्यांनी हात काढला, पुन्हा लावला. साथीत विसाजींचा थोरला मुलगा गेला होता. घरून निरोपावर निरोप आले, पण हातातले काम नावाजले जात होते, म्हणून ते घाटावरून उतरले नाहीत. पोराच्या कपाळाला त्यांनी हात लावला नव्हता. आले तेव्हा स्मशानातली राखही निवली होती. त्यांना कुणी कधी रडताना पाहिले नव्हते.

"महाराज, हिला ताप आहे," ते कसेबसे म्हणाले. "ताप आहे हिला."

"तुमच्या घरी येऊन बसली होती ना ती," महाराज म्हणाले. "तुम्ही नव्हता तेव्हा पोराच्या उशाशी तीच होती."

विसाजी गुडघ्यांवर कोसळले आणि लहान मुलासारखे रडू लागले. त्यांचा हात अजून त्या गालावरच होता. उजवी पाकळी सुटली ती त्याच हातावर पडली. तेव्हा मागे उभ्या असलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले, आणि इतके महिने रडू कोंडून धरलेले सारे गाव मोकळे रडले.

विसाजींनी महाराजांचे पाय धरले. महाराजांनी त्यांना हाताला धरून उठवले आणि धाकूकडे वळवले. नामांकित विसाजी मेस्त्रींनी धाकू सुताराच्या पायांवर डोके ठेवले. धाकू त्यांच्या पाठीवरून नुसता हात फिरवीत राहिला.