रोजचा पंप

“दमच लागत नाही, तर पंप रोज कशाला ओढायचा, अक्का?”

शाल्मलीने विचारलं ते जरा तोऱ्यातच. सोळा वर्षांची पोर, लहानपणापासून दम्याची. पण चंद्राक्कांच्या शिष्यांत सगळ्यात लांब सूर टिकायचा तो हिचाच. कुरुंदवाडच्या या गाणाऱ्या बाईंकडे ती सात वर्षं रोज सकाळी रियाजाला येत होती. एक दिवस चुकवला नव्हता.

डॉक्टरांनी रोज घ्यायला दिलेला पंप मात्र तिने तीन आठवड्यांपूर्वी बंद केला होता. आईला पत्ता नव्हता. दप्तरात निळा पंप असतोच, दम लागला तर तो घ्यायचा, असं तिने अक्कांना समजावूनही सांगितलं.

अक्कांनी तानपुरा तिच्याकडे सरकवला.

शाल्मलीने सूर लावला. छान लागला... मग छातीत बारीक शिट्टी वाजली. तिने तसाच रेटला. सूर तुटला, खोकल्याची उबळ आली, बोलताही येईना.

अक्कांनी तिला ताठ बसवलं, निळा पंप काढून हातात दिला. तिने औषध ओढलं, थांबली, पुन्हा ओढलं. अक्का पाठीवर हात ठेवून होत्या. हळूहळू छाती मोकळी झाली.

“बघा, दम उतरला,” ती म्हणाली. पण आवाज पार बसला होता, आणि रविवारी तिला पहिल्यांदाच लोकांसमोर गायचं होतं.

“उतरला खरा.” अक्का तानपुऱ्यावर गवसणी चढवू लागल्या. “उद्यापासून येऊ नकोस.”

शाल्मलीचा चेहरा उतरला. “आणि... रियाज?”

“सूर चांगला लागतो की तुझा. रोज कशाला? बेसूर झालीस की ये.”

तिने हातातल्या निळ्या पंपाकडे पाहिलं...

मग तिला हसू फुटलं. अक्कांनाही आवरेना.

त्याच संध्याकाळी ती आईला सगळं सांगून तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेली. बोलणी खाल्ली आणि रोजचा पंप पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळेला अक्कांच्या दारात हजर. डॉक्टर काय म्हणाले, आई किती रागावली, आज पंप कसा आठवणीने घेतला... तिचं सांगणं संपेना.

अक्का तारा जुळवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मला काय सांगतेस? सा लाव.”