वैद्याची पालखी

पूर्वी अश्मक देशातल्या पोतन नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. विद्या मोठी, पण मन सदा धास्तावलेले. आपले काही चुकले तर नाही ना, या शंकेने तो अर्ध्या वाटेवरून रोग्याकडे परत जाई. लोक हसत, "सोमिलवैद्य आधी स्वतःची नाडी बघतात, मग दुसऱ्याची!"

उतारवयात त्याचे गुडघे धरले. तेव्हा औषधांचा व्यापारी भद्रिक पालखी आणि भोई घेऊन दारी आला.

"मला विकत घेतोस की काय रे?" सोमिलाने विचारले.

"तुम्हाला कोण विकत घेणार, वैद्यराज! गुडघे तेवढे वाचवतो. लांबचे रोगी वाट बघतात, त्यांचा तरी विचार करा."

रोग्यांचे नाव निघताच सोमिल विरघळला. भद्रिकाने बदल्यात काही मागितले नाही. पालखीत बसवताना आपल्या अग्निरसाचे गुण तेवढे तो सांगे. रसही खरोखर चांगला होता. मेलेली भूक जागी करी.

पुढे राणी वासवीला अन्न नकोसे झाले, भोवळ येऊ लागली. पालखी राजवाड्यात पोचली. मंचकाशी टेकता टेकताच सोमिल म्हणाला, "अग्निरस द्या."

भद्रिक कुपी घेऊन दारातच उभा होता. दासीने पेला भरून राणीच्या ओठांशी नेला. सोमिलाने नाडीसाठी हात पुढे केला आणि तो दचकला. बोटे अजून मनगटाला लागली नव्हती, औषधाचे नाव मात्र जिभेवरून केव्हाच उतरले होते.

"थांबा!" म्हणत त्याने हाताने पेला उडवला.

मग त्याने शांतपणे नाडी पाहिली, राणीला हळूच काही विचारले. त्याचे डोळे भरून आले.

"महाराज, हा रोग नव्हे. राणीसाहेबांना दिवस गेले आहेत. या रसात चित्रकाची जहाल मुळी आहे. गर्भ टिकला नसता."

इतकी वर्षे निपुत्रिक असलेला राजा आधी आनंदाने थरथरला, मग संतापाने. "त्या व्यापाऱ्याला सुळावर द्या!"

"नको, महाराज. औषध खोटे नाही. बिघडली ती माझी जीभ."

भद्रिक रडत म्हणाला, "मी कधी काही मागितलं का हो तुमच्याकडे?"

"नाही मागितलंस, बाबा. म्हणून तर मला कळलं नाही."

राजा म्हणाला, "वैद्यराज, हवे ते मागा."

"औषध विकणाऱ्याकडून या नगरातल्या वैद्याने विड्याचे पानसुद्धा घेऊ नये, एवढी आज्ञा द्या."

"आणि तुमचे गुडघे?"

"दुखतील. दुखले की आठवण राहील."

"मग या पालखीचं मी काय करू?" भद्रिकाने डोळे पुसत विचारले.

"रोग्यांना ने तिच्यातून. ज्याला ज्या वैद्याकडे जायचंय, तिकडे."

यथाकाळी राजपुत्र जन्मला. बारशाच्या दिवशी नगारे झडले. राजाने हत्ती पाठवला, पण सोमिल काठी टेकीत पायीच निघाला. दुतर्फा लोक फुले उधळत, जयजयकार करीत होते. इतक्यात समोरून तीच पालखी आली. आतून तापाने फणफणलेली एक म्हातारी ओरडली, "सरका रे बाजूला! मला दुसऱ्या वैद्याकडे जायचंय!"

सारा रस्ता हसला, आणि सर्वांच्या आधी बाजूला झाला तो सोमिल.

ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा उपासक सुमंगल, राणी म्हणजे त्याची पत्नी. भद्रिक म्हणजे आजारी भिक्षूंना स्वहस्ते पेज भरवणारा आपला पुण्णक. आणि सोमिल वैद्य मीच होतो."

आपल्या भल्या मनावरही जो पहारा ठेवतो, त्याच्या त्या जागेपणाला अप्रमाद म्हणतात.