कायतानबाबचे तीन मुलगे

कायतानबाबने जन्मात लग्न केलं नव्हतं. पण त्याचा जन्म गोव्यातला, पोर्तुगीज अमदानीतला, म्हणून पोर्तुगालचं नागरिकत्व मागायचा त्याला हक्क होता. लिस्बनला थोरली बहीण एकटीच अंथरुणाला खिळली होती. तिच्याकडे जायचं, म्हणून तो जन्मदाखला घ्यायला नोंदणी कचेरीत गेला.

तिथले अधिकारी वेर्लेकरसाहेब यांनी दप्तर चाळलं आणि डोळे वटारले. "कायतान फुर्तादला तीन मुलगे आहेत. बापाच्या जन्मदाखल्यावर तिघेही पोर्तुगीज होऊन लिस्बनला गेले. माझ्या सहीनिशी! तुम्ही म्हणता बिनलग्नाचे, म्हणजे तोतये तुम्हीच."

एजंट पैसे घेऊन परक्यांना असे कागदोपत्री गोंयकार बाप विकतात आणि साहेब डोळे मिटून सह्या ठोकतात, हे गावाला ठाऊक होतं. कायतानबाब भांडला नाही.

"असतील बुवा. मग लावा फोन मुलांना. सांगा, बाप थकलाय, कायमचा राहायला येतोय."

साहेबांनी ऐटीत त्या तिघांच्या अर्जांवरचे नंबर फिरवले, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असे. पहिला खेकसला, "कसला बाप? माझा बाप कुडाळात किराणा दुकान चालवतो!" दुसऱ्याचा बाप बेळगावात निघाला. तिसऱ्याने ऐकलं आणि फोनच आपटला.

कचेरीत खसखस पिकली. घाईघाईने दाखल्यावर शिक्का मारत साहेब पुटपुटले, "तिघेही खोटेच म्हणायचे."

"तिसऱ्याच्या कागदावरची तुमची सही तेवढी खरी असणार," दाखला खिशात घालत कायतानबाब म्हणाला. "म्हातारा बाप राहायला येतोय म्हटल्याबरोबर फोन आपटला. सख्ख्या मुलाशिवाय हे कोण करणार?"