चार प्रश्न आणि उघडं दार

तुमच्या पणजोबांचे पणजोबा रांगत होते, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही तर नीट कान देऊन ऐका!

एका राज्यात पाट फोडणं हा मोठा गुन्हा होता. आपली पाळी नसताना जो पाणी वळवी, त्याला लांबच्या धरणावर राहून दगड वाहावे लागत. दहा दिवस की तीस, ते न्यायाधीश बाई ठरवत. त्यासाठी त्यांनी चार प्रश्न लिहून ठेवले होते. गुन्हा पहिलाच का? नुकसान किती? भरून दिलं का? घरी कोण अवलंबून आहे?

पण बाई हे प्रश्न बंद दाराआड विचारत. लोकांना दिसे ते एवढंच, की खालच्या आळीतला दहा दिवसांत सुटला आणि वरच्या आळीतल्याला तीस दिवस पडले.

झालं! बाईंचा मान डोळ्यांत खुपणाऱ्या प्रधानाला आयतं निमित्त मिळालं. वरच्या आळीत जाऊन तो गरजला, "हा पक्षपात आहे! ते प्रश्न जाळा. सगळ्यांना सरसकट तीस दिवस!" खालची आळी म्हणाली, "हात तर लावून बघा!" दोन्ही आळ्या काठ्या घेऊन न्यायसभेपुढे आल्या.

त्याच दिवशी वरच्या आळीतल्या निंबाजीचा निकाल होता. घरी आई अंथरुणाला खिळलेली, तिला पाणी पाजायलाही दुसरं कोणी नाही. तीस दिवसांत म्हातारी जगणं कठीण. आणि त्याचीच आळी ओरडत होती, "तीस! तीस!" काय म्हणावं या अकलेला!

राजा म्हणाला, "बाई, लोकांचा विश्वास उडालाय. जाळायचे का प्रश्न?"

"चूक प्रश्नांची नाही, महाराज. माझी आहे," बाई म्हणाल्या. "दार उघडा."

सगळ्यांसमोर चारही प्रश्न झाले. निंबाजी रडवेला होऊन म्हणाला, "पहिलाच गुन्हा, बाई. ज्याचं रोप वाळलं, त्याला माझं निम्मं दिलं. घरी आई आहे, ती उठत नाही."

"खरं आहे!" रोप वाळलेला माणूस उभा राहिला. तो खालच्या आळीतला होता. "दहा दिवस पुरेत, बाई!"

"दहा! दहा!" अख्खी खालची आळी ओरडली. वरच्या आळीच्या माना खाली गेल्या. बाईंनी निंबाजीला दहा दिवस दिले.

पुढचा गुन्हेगार खालच्या आळीतला होता. त्याने तिसऱ्यांदा पाट फोडला होता. तेच चार प्रश्न झाले आणि त्याला तीस दिवस मिळाले. त्याच्या आळीनेही माना डोलावल्या. प्रधान अजून "जाळा, जाळा" करत होता, पण त्याच्याकडे बघतंय कोण? दोन्ही आळ्यांनी बाईंना खांद्यावर घेतलं आणि ढोल वाजवत गावभर मिरवलं!

अकराव्या दिवशी निंबाजी धापा टाकत घरी पोचला. आई उशाला टेकून बसली होती आणि खालच्या आळीतली एक बाई तिला पेज भरवत होती.

बोध एवढाच: न्याय नुसता बरोबर असून भागत नाही, तो सगळ्यांदेखत व्हावा लागतो, तेव्हाच लोक त्याला आपला मानतात.